बदरआपाने काढलेला माग

बदरुन्निसा चालताना समोर बघत नसे, जमिनीकडे बघे. आखातातल्या रुवैसच्या कॉलनीत पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा वाटलं, बाईचं काहीतरी हरवलंय. एका हातात मेथीच्या जुड्यांची टोपली, दुसऱ्या हातात ओढणीचं टोक आणि नजर सगळी वाळूत. माझ्या दाराशी आल्यावर तिने मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या घरी उजव्या पायानं लंगडनारं कोनी हाये का वो ताई?"

आमचे हे, म्हणजे शैलेंद्र, त्याच आठवड्यात बॅडमिंटन खेळताना पाय मुरगळून आले होते आणि सकाळी लंगडतच ड्युटीवर गेले होते. दारापासून गाडीपर्यंत त्यांची पावलं उमटली होती, एक खोल, एक नुसतं टेकलेलं. ती मीही पाहिली होती, पण पाहून सोडून दिली होती. मला मात्र तिच्या प्रश्नापेक्षा तिच्या बोलण्याचं नवल वाटलं. रिफायनरीच्या त्या गावात हिंदी, मल्याळी, अरबी सगळं कानावर पडायचं, पण वऱ्हाडी बोलणारं माणूस तिथे भेटेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी पुण्याची, तरी तिचं ते 'हाये' ऐकून लगेच चहा टाकला. हे १९९५च्या ऑक्टोबरातलं. त्या दिवसापासून ती आमची बदरआपा झाली आणि दर गुरुवारी मेथी, पुदिना, माठ घेऊन येऊ लागली. चहा घ्यायची, पण माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून. आत ये म्हटलं तर म्हणायची, "तुमचे देव तिथं हायेत, मी इथं बरी. इथून तुमचं तोंडही दिसते."

तिचं घर गयाथीच्या रस्त्याला, एका अरबी मालकाच्या शेतावर होतं. खजुराची बाग, भाजीचे वाफे आणि मोठ्या तारेच्या कुंपणात चाळीसेक हरणं. मालकाला हरणांचा नाद. सांभाळायला नोकरीवर होता आपाचा नवरा अजीज.

अजीजभाई अकोल्याचे शिंपी. उम्म अल कुवैनमध्ये त्यांनी दहा वर्षं अरबांचे पायघोळ कंदुरे शिवले. दुकान बंद पडलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, एका अरबाबाला हरणांसाठी माणूस पाहिजे. अरबाब म्हणजे मालक. अजीजभाई गेले. जनावरं कळतात का, असं विचारल्यावर त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, माझे सासरे जंगलात जनावरांचा माग काढायचे. मालकांनी अर्धंच ऐकलं आणि नोकरी दिली, वर बायकोला आणायची परवानगी दिली. "मले बकरी आन् हरीन सारखंच दिसत होतं," अजीजभाई स्वतःच सांगायचे. "म्हनून आधी हिले बोलावून घेतलं." कागदावर हरणं अजीजभाईंची होती. बाकी सगळं आपा बघायची.

आपाचे अब्बा मेळघाटातले. शिकारीला परवाने मिळायचे त्या काळात शहरातून साहेबलोक यायचे, त्यांच्यासाठी ते मचाण बांधायचे. पाणवठ्याजवळचं झाड निवडायचं, वाऱ्याची बाजू बघायची, बाज उलटी करून फांद्यांना बांधायची, समोर पाल्याचा आडोसा करायचा. हरीण चारी बाजूंना बघतं, वर बघत नाही, हे आपा मला कितीदा सांगायची. चितळ आलं की साहेब वरून गोळी घालायचा. एका गोळीत काम झालं तर बरं, नाही तर घायाळ जनावर पळायचं आणि तिथून अब्बांचं काम सुरू व्हायचं.

हे सगळं ऐकायला मला आधी नको वाटे. आमच्याकडे अंडंही येत नाही. आपा बोलू लागली की मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणायला घ्यायची. पण एका गुरुवारी तिने जे सांगितलं ते ऐकताना माझं स्तोत्र मध्येच राहिलं.

ती अकरा वर्षांची होती. कुणा साहेबाने संध्याकाळी मचाणावरून चितळाच्या मादीवर गोळी झाडली, ती मागच्या पायाला लागली, मादी पळाली. साहेब म्हणाला, जाऊ दे, दुसरी बघू, आणि डाकबंगल्यावर जेवायला गेला. अब्बा घरी आले आणि ताटावर बसलेच नाहीत. त्यांचा नेमच होता, घायाळ जनावर सापडेपर्यंत घरात कुणी अन्न तोंडात घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला तिकडे तहान लागलेली असताना आपण इकडे प्यायचं कसं? सकाळी ते आपाला घेऊन निघाले, कारण त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पडदा यायला लागला होता. ती पुढे वाकून बघायची आणि सांगायची, ते मागून अर्थ लावायचे. लाल फेसाळ रक्त म्हणजे छातीतलं, काळपट म्हणजे काळजातलं. थेंब सापडला की त्याच्याजवळ खडा ठेवायचा, म्हणजे पुढचा नाही सापडला तर मागे येता येतं. आणि मागावरून कधी चालायचं नाही, त्याच्या कडेने चालायचं. दुपारी नाल्यात ती मादी सापडली, जिवंत. अब्बांनी तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि सुरी फिरवली. मग दोघं नाल्याचं पाणी प्यायले.

"मारनं पाप नाई काय आपा?" मी विचारलं होतं. तिच्याशी बोलताना माझी भाषाही तशी व्हायची.

"ते अल्लाले माहीत," ती म्हणाली. "पन अर्धं मारून जेवाले बसनं, हे पाप हाये. ते मले माहीत."

त्या दिवशी मी वहीत एवढीच ओळ लिहिली होती. एरवी माझ्या वहीत तिथी, वार, स्वयंपाक, वाचलेली पोथी आणि लेकीचे, शुभ्राचे मार्क असतात.

पुढे परवाने बंद झाले, शिकार बंद झाली. अब्बा जंगलात लाकडं मोजायच्या कामावर लागले आणि तिथेच संपले. आपाची विद्या तशीच राहिली. शेतावर आल्यावर ती पुन्हा उपयोगी पडू लागली. बागेच्या कडेला एक मोठं गाफचं झाड होतं, काटेरी, आपल्या शमीसारखं. त्यावर आपाने अजीजभाईंकडून मचाण बांधून घेतलं. बांबू कुठून मिळणार, म्हणून बांधकामावरचे जुने पाइप आणि फळ्या वापरल्या. अजीजभाईंना उंचीची भीती. ते खालून पाइप देत, वर बायको गाठी मारी. पण शिंपी माणूस, त्यांनी मचाणाला जाड कापडाचा पडदा शिवला, खिडकीसकट आणि सुपारीच्या डबीसाठी खिशासकट. सकाळ-संध्याकाळ आपा वर बसून हरणं मोजायची. कोण लंगडतंय, कोण खात नाही, कोण गाभण आहे, सगळं वरून दिसे. पुढे जनावरांचे डॉक्टर राजन यांनाही त्या मचाणाची सवय झाली. हरणाला हात लावून औषध देता येत नाही, घाबरूनच मरतं. म्हणून डॉक्टर वर बसत आणि गुंगीच्या औषधाची सुई बंदुकीने मारत. हरीण आडवं झालं की उपचार करत आणि उलट्या औषधाने त्याला जागं करत.

हे चालू असताना १९९६च्या डिसेंबरात दोन हरणं गेली. एक कुत्र्यांनी मारलं, एक फाटक उघडं राहिल्याने निघून गेलं आणि चार दिवसांनी रस्त्यावर मेलेलं मिळालं. दोन्ही वेळा आपा गावाकडे होती, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला. मालकाच्या मॅनेजरने अजीजभाईंना सांगितलं, आणखी एक गेलं तर खलास, तिकीट हातात. अजीजभाई आम्हाला हे हसत सांगत होते, पण आपा हसली नाही. अकोल्यात त्यांचं घर भाड्याचं, दुकान भावाने घेतलेलं. आणि ती मला नंतर हळूच म्हणाली की घरचं सोडा, पन हे हरनं सोडून जानं मले जमनार नाई.

ईद होऊन दोन आठवडे झाले असतील. वहीत तारीख आहे २१ फेब्रुवारी १९९७, शुक्रवार, माघ शुद्ध चतुर्दशी. आपाने आम्हाला शेतावर राहायला बोलावलं होतं. गुरुवारी दुपारीच आम्ही गेलो. पाहुण्यांच्या खोलीत आमची सोय, नवीन चादरी, नवा स्टोव्ह आणि माझ्यासाठी कोऱ्या पातेल्या, अजून लेबलं न काढलेल्या. मी माझा देवांचा स्टीलचा डबा घेऊन गेले होते, तो ठेवायला आपाने पाट धुऊन ठेवला होता. माणसाने आणखी काय करावं?

शुक्रवारी सकाळी डॉक्टर राजन येणार होते. एका गाभण मादीचा उजवा पुढचा खूर सुजला होता, तो फोडून साफ करायचा होता. तिला आपाने लहानपणी बाटलीने दूध पाजलेलं. आम्ही उठलो तेव्हा उजाडत होतं. हे आणि शुभ्रा मचाण बघायला गेले. नऊ वर्षांची शुभ्रा जाताना म्हणाली, "आई, यू कम टू, इट्स लाइक अ ट्रीहाउस." मी म्हटलं, पूजा करून येते.

पूजा करताना लांबून काहीतरी आरडाओरडा ऐकू आला, पण मी उठले नाही. मध्येच उठायचं नाही हा माझा नेम. दिवा लावला, अध्याय वाचला, आणि सडा घालायला बाहेर आले. तर दारासमोरच्या वाळूत रक्ताचे थेंब पडले होते आणि बकरीच्या खुरांसारखे खूर उमटले होते.

मला वाटलं, आदल्या दिवशी इथे काहीतरी कापलं असणार. पण म्हणायचं कसं? ज्या बाईने माझ्यासाठी कोऱ्या पातेल्या आणल्या, तिला सांगायचं की तुझ्या अंगणात मला रक्त दिसलं? त्यापेक्षा कुणी यायच्या आत गुपचूप आवरून टाकावं. मी खजुराच्या झावळ्यांचा झाडू घेतला, खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं अंगण स्वच्छ झाडलं, दोन बादल्या सडा घातला आणि घरून आणलेल्या तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. थेंब जिथे जास्त होते तिथेच काढली, आठ पाकळ्यांचं कमळ. मन शांत झालं. वाटलं, झालं ते देवाला कळलं, माणसांना कळायला नको.

तेवढ्यात सगळे पळत आले. पुढे आपा, मागे अजीजभाई, त्यांच्या मागे डॉक्टर आपली पेटी सांभाळत, मग हे आणि शुभ्रा. सुई लागल्यावर मादी उसळून पळाली होती. झुडपात पडली असेल म्हणून सगळ्यांनी अर्धा तास कुंपणातच शोधलं. मग दिसलं की तारेला रक्त आणि केस लागलेत, आणि मागचं फाटक उघडं आहे. अजीजभाई चारा आणायला गेले होते आणि कडी घालायची राहिली होती. डॉक्टर घड्याळाकडे बघत सांगत होते, गुंगीत फार वेळ राहिली तर पोटातलं पिल्लू जाईल, तिचाही श्वास अडकेल. अजून अर्धा तास, फार तर पाऊण.

मागच्या फाटकातून बाहेर पडायची वाट आमच्या अंगणावरूनच होती. आपा अंगणाच्या कडेला आली आणि थांबली. ओल्या, झाडलेल्या, रांगोळी काढलेल्या जमिनीकडे तिने बघितलं. मग माझ्याकडे. अजीजभाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हा मला कळलं. मी सगळं सांगितलं. रक्त होतं, खूर होते, मला वाटलं तुम्ही काल इथे बकरी कापली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून न बोलता धुतलं. सांगताना मला रडू फुटलं.

आपा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती माझ्या अगदी जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले. "ताई, रडायचं मंग. आदी मले सांगा, थेंब कसे होते? गोल का शेपटीवाले?"

मी डोळे मिटले. सडा घालताना मी तोंड फिरवलं होतं, पण त्याआधी पाहिलं होतं ते डोळ्यांपुढे जसंच्या तसं होतं. गोल नव्हते. लांबट होते आणि एका टोकाला बारीक शितोडे होते. शितोड्यांचं टोक पाण्याच्या टाकीकडे नव्हतं. ते डावीकडे होतं, डिझेलच्या रिकाम्या पिंपाकडे. पिंपावरचा लाल पट्टा आणि जमिनीवरचं लाल एकाच ओळीत दिसलं होतं, म्हणून तर ते लक्षात राहिलं होतं.

"शेपटी जिकडं, हरीन तिकडं," आपा म्हणाली. "चला."

अजीजभाईंना तिने पाणी घेऊन मागून यायला सांगितलं, डॉक्टरांना गाडी लांबून आणायला सांगितलं. ओढणीच्या टोकाला खजुराच्या बिया बांधलेल्या असत तिच्या. त्या सोडून मुठीत घेतल्या आणि निघाली. शुभ्रा तिच्या बाबांजवळ थांबली, मी आपाच्या मागे गेले. मी धुतलं होतं, मला घरात बसवेना.

पिंपाच्या पलीकडे माझा झाडू पोचला नव्हता. तिथे पहिला खूर मिळाला. आपाने त्याच्या शेजारी एक बी ठेवली. पुढचा उजवा खूर नुसता टेकलेला, बाकीचे तीन खोल, म्हणजे तीच. थोडं पुढे खुरांच्या मागे बारीक रेघा दिसू लागल्या. गुंगी चढत होती, पाय उचलत नव्हती, फरफटवत होती. आपा वाकून, मागाच्या डाव्या कडेने चालत होती, आणि मला तिने तिच्याच पावलांवर पाऊल ठेवून यायला सांगितलं होतं. दर दहा-बारा पावलांवर एक बी. तिचे ओठ सुकलेले होते. अजीजभाईंनी बाटली पुढे केली तर तिने नुसती मान हलवली. त्यांनीही मग झाकण लावून टाकलं.

वाळू संपली आणि सबखा लागला. आमच्या भागात समुद्राजवळ अशी खारट सपाट जमीन असते, वर मिठाची कडक पापडी. त्यावर खूर उमटत नाही. रक्तही थांबलं होतं, जखम सुकली असावी. शेवटच्या खुराशी आपाने दोन बिया ठेवल्या आणि उभी राहिली. डॉक्टरांनी लांबून गाडीतून हाताने खूण केली, वीस मिनिटं.

एका बाजूने एक लँड क्रूझर येत होती. ती लांबच थांबली आणि तिच्यातून मालकांचे म्हातारे मामा उतरले. सगळे त्यांना शेबा म्हणत, म्हणजे पिकल्या केसांचा. दर शुक्रवारी नमाजाआधी ते हरणं बघायला यायचे. कुणीतरी त्यांना फोन केला असावा. ते अनवाणी, काठी टेकत, जमीन बघत आले, आणि आमच्या बियांची रांग बघून तिच्या कडेने वळले. ते मी पाहिलं. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

हिंदी त्यांना चांगलं येई. त्यांनी काठीने उत्तरेकडे दाखवलं. म्हणाले, तिकडे टेकाड आहे, सावली आहे, घाबरलेलं हरीण तिकडेच जातं. अजीजभाई लगेच निघाले.

आपा हलली नाही. तिने अदबीने, पण स्पष्ट सांगितलं, "चाचा, मेरे अब्बा बोलते थे, अंदाजे से मत जाओ. पैर जो बोलेगा वही सुनो."

अजीजभाई अर्ध्या वाटेत थांबले. अरबाबाच्या मामाला नाही म्हणणारी माझी बायकोच, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याने काठी खाली टेकवली.

मग आपा गुडघ्यांवर बसली, पुढे वाकली, आणि नमाज पढताना करतात तसं कपाळ जवळजवळ जमिनीला लावलं, फक्त तोंड सूर्याकडे. ऊन अजून तिरपं होतं. तिने गाल पापडीला टेकवला आणि एक डोळा मिटला. कितीतरी वेळ ती तशीच होती. मी मनात कुलदेवीला म्हटलं, माझ्या हातून धुतलं गेलं ते हिला दाखव, मी वर्षभर मंगळवार करीन.

"ते पाहा," ती तशीच पडून म्हणाली. "पापडी मोडली तिथं चमक मरते."

शेबा तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले. सत्तरीचा माणूस, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात. त्यांनीही गाल जमिनीला लावला. उन्हात सगळा सबखा चमकत होता आणि त्या चमकेत अंधुक ठिपक्यांची एक ओळ गेली होती. उत्तरेला नव्हे, पूर्वेला. म्हातारा हसला. त्याच्या गालाला मीठ लागलं होतं.

पूर्वेला जुन्या पाइपलाइनचे मोठे पाइप टाकून दिलेले होते. एकाच्या सावलीत ती पडली होती, मान लांब करून, तोंडाला फेस. पोट हलत होतं. डॉक्टर धावले. त्यांनी उलटं औषध टोचायच्या आधी घाईघाईने खूर साफ केला, तारेने फाटलेल्या खांद्याला टाके घातले. आपाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि कानाशी काहीतरी म्हणत होती. बापाने म्हटलं होतं तेच असेल का, असं माझ्या मनात आलं, पण यावेळी सुरी नव्हती. औषध टोचल्यावर पाच मिनिटांनी मादीने कान हलवले. मग डोळा उघडला. डॉक्टरांनी नळी पोटाला लावून ऐकलं आणि हात वर केला, दोघंही ठीक.

तेव्हा आपाने अजीजभाईंच्या हातातली बाटली घेतली. आधी मला दिली. मी प्यायले, मग ती प्यायली, मग अजीजभाई. तोवर मलाही कळलं नव्हतं की सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही.

शेबांनी विचारलं, फाटक कुणी उघडं ठेवलं? अजीजभाईंनी मान खाली घालून सांगितलं, मी. मी पुढे होऊन सांगितलं, माग मी धुतला. म्हाताऱ्याला आधी कळेना धुतला म्हणजे काय. मग अजीजभाईंनी हातवारे करून सडा आणि रांगोळी समजावली. ते मोठ्याने हसले. म्हणाले, वाळवंटात अंगण धुणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

मग ते आपाकडे वळले. तुमच्या जंगलात तर जमिनीवर पानंच पानं असणार, त्यात पाऊल कसं दिसतं, असं त्यांनी अगदी शाळकरी पोराच्या उत्सुकतेने विचारलं. ती म्हणाली, "पत्ता उलटा पड़ा रहता है, चाचा. नीचे का गीला ऊपर आता है." त्यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले. त्यांचे वडील हरवलेल्या उंटांचा माग काढायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं, आणि हेही की घरातल्या एकाही मुलाने ते शिकून घेतलं नाही.

जाताना त्यांनी अजीजभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. काय म्हणाले ते अजीजभाईंनी आम्हाला जेवताना सांगितलं. शेतावर सगळ्यांनी मिळून माझी खिचडी आणि आपाने केलेली मेथीची भाजी खाल्ली. शेबा म्हणाले होते, तुझी नोकरी आता तुझी नाही.

"मी म्हनलं, खलास," अजीजभाई म्हणाले. "मंग ते म्हनले, हिची हाये."

महिनाभराने आपाचा स्वतःच्या नावाचा व्हिसा लागला. हरणांची जबाबदारी तिची, अजीजभाईंकडे बाग आणि फाटकं. कार्डावर कामाच्या जागी 'शेतमजूर' छापून आलं, कारण माग काढणारी बाई असं लिहायची त्यांच्याकडे सोय नव्हती. आपाला त्याचं काही नव्हतं. तिने फोटो तेवढा निरखून बघितला आणि म्हणाली, नाक मोठं आलं. अजीजभाई मात्र कॉलनीभर सांगत सुटले की ते आता बायकोच्या हाताखाली आहेत आणि साहेब फार कडक आहे.

एप्रिलमध्ये मादीला पिल्लू झालं. शुभ्राने त्याचं नाव ठेवलं, रांगोळी. मला ते ऐकून लाज वाटली. आपा म्हणाली, राहू द्या, नर हाये बिचारा, त्याले काय कळते.

मी बोलले तसे वर्षभर मंगळवार केले. या सगळ्याला आता सात वर्षं झाली. सडा घालायचा मी सोडला नाही, पण आधी दारात उभी राहून जमीन नीट बघते. मांजर आलं होतं का, पेपरवाला कुठून वळला, आमच्या यांचा पाय परत दुखतोय का. हे हसतात, म्हणतात पोलिसात जा.

गुरुवारी आपा येते. आता पिकअप तीच चालवते, अजीजभाई शेजारी जुड्या धरून बसतात. अंगणात पाय ठेवायच्या आधी ती रांगोळी कुठे आहे ते बघते आणि तिच्या डाव्या कडेने चालत येते, उंबऱ्याबाहेर बसते. चहा येईपर्यंत तिची टोमणे मारायची वेळ असते.

"ताई, आज काय काय धुतलं?" ती विचारते.

मी म्हणते, विचारूनच धुते हल्ली.